ग्रॅमसाहेब

रस्त्यात भेटलेला माणूस तब्येत विचारतो, मुलांचं विचारतो, नळाला शेवटचं पाणी कधी आलं ते विचारतो. ग्रॅमसाहेब वजन विचारतात. आपलं नव्हे, आपल्या गाडीच्या चाकाचं. "टायरसकट सांगताय की नुसत्या रिमचं?" हा त्यांचा दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्याचं उत्तर ऐकण्याआधीच येतो. माझ्या वॅगन-आरचं चाक किती किलोचं आहे हे मला ठाऊक नाही असं मी सांगितलं, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, मुलगी कितवीला?" सभ्य माणूस आहे. पडलेल्याला आणखी पाडत नाही.

ग्रॅमसाहेब हे नाव कॉलनीने ठेवलंय. खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या तिन्ही एमआयडीसींत या वाणाची माणसं इतकी आहेत, की कुठलंही नाव घातलं तरी ते कोणाला तरी लागू पडेल. राहायला सिडकोत. वय पन्नाशीच्या आसपास. अंगकाठी म्हणाल तर नुसती काठी. हे आधीच सांगून टाकतो, कारण गाडीचं वजन कमी करणाऱ्या माणसाला 'आधी स्वतःचं पोट कमी करा' असं म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि ग्रॅमसाहेबांनी तो दरवाजा केव्हाच लावून घेतलाय. सकाळी उठल्यावर ५३ किलो ८०० ग्रॅम. गुलमंडीवर इमरती खाऊन आले तरी काटा हलत नाही. विनोद करणाऱ्यांची मोठी पंचाईत होते.

गाडी आहे २०१७ची ऑक्टाव्हिया आरएस. निळी. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर. पुण्याच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. स्कोडाने शेंद्र्यात २००१ साली ऑक्टाव्हिया जोडायला घेतली तेव्हापासून या गाडीकडे आपल्या शहरात माहेरवाशिणीकडे पाहावं तसं पाहिलं जातं, आणि ग्रॅमसाहेबही तसंच पाहतात. श्रीमंतीचं त्यांना अप्रूप नाही. २०१०च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घरी नेल्या, त्याची बातमी देशभर गाजली. कोणी अजून ती गोष्ट कौतुकाने काढली की ग्रॅमसाहेब शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "दीडशे जणांपैकी एकाने तरी डिस्कचं वजन विचारलं असेल का हो?"

डिस्क म्हणजे ब्रेकची डिस्क. चाकाच्या मागे दिसणारी ती लोखंडी थाळी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात आणि गाडी थांबते. बिडाची असते. ग्रॅमसाहेब तिला रोटर म्हणतात, गॅरेजवाले डिस्क प्लेट म्हणतात. ती हलकी असावी, हा ग्रॅमसाहेबांच्या आयुष्यातला गेल्या काही वर्षांतला एकमेव ध्यास.

हा ध्यास आला कुठून, हे समजायला त्यांची नोकरी पाहावी लागते. बजाजने १९८५ साली वाळूजला कारखाना टाकला, आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांच्या कंपन्यांची रांग लागली. दुचाकीच्या डिस्क ब्रेकचं म्हणाल तर एंड्युरन्स इथलीच. या गावात पहिल्या पाळीच्या बसला उभी असलेली निम्मी माणसं मायक्रॉनमध्ये बोलतात. ग्रॅमसाहेब अशाच एका लहानशा कंपनीत परचेसला आहेत. पाऊण तास घासाघीस करून नगामागे पस्तीस पैसे कमी करायचे, हे त्यांचं काम, आणि ते त्यात वाकबगार. एका वर्षी त्यांनी फूटरेस्टच्या ब्रॅकेटमधून चार ग्रॅम काढून दाखवले. चार ग्रॅम म्हणजे काय, चमचाभर साखर. पण वर्षाला दहा लाख नग जात होते. दहा लाख गुणिले चार ग्रॅम, म्हणजे चार टन पोलाद वाचलं. कंपनीने समारंभ करून त्यांना प्रशस्तिपत्र आणि लेमन सेट दिला. प्रशस्तिपत्र अजून दिवाणखान्यात आहे. त्या दिवसापासून वस्तू दिसली की तिच्यात नको असलेले चार ग्रॅम कुठे दडलेत हे शोधायची नजर त्यांना लागली, ती घरी येतानाही बंद होत नाही. फरक एवढाच, की कारखान्यात दहा लाख नग असतात आणि घरी गाडी एक. गुणाकारातला मोठा आकडा गेला, सवय राहिली.

वहिनी एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. हा योग कोणी जुळवला कल्पना नाही, पण त्यामुळे या घरातली भांडणं बघण्यासारखी होतात. ग्रॅमसाहेब म्हणतात, गाडीचं वजन दोन जातींचं. एक स्प्रिंगच्या वरचं: बॉडी, इंजिन, माणसं, डिकीतलं सामान. दुसरं स्प्रिंगच्या खालचं: चाक, टायर, डिस्क, कॅलिपर. खड्डा आला की खालचं वजन चाकाबरोबर उसळतं, आणि त्याला पुन्हा रस्त्याला टेकवायचं काम स्प्रिंग आणि शॉकअब्झॉर्बरवर येतं. ते जितकं हलकं, तितकं चाक रस्ता सोडत नाही. आणि आपल्या शहरात खड्डा केव्हा येतो असं विचारण्यापेक्षा केव्हा येत नाही असं विचारणं सोयीचं. शिवाय डिस्क नुसती पुढे जात नाही, फिरतेसुद्धा. म्हणजे गाडी पळवताना तिला आणखी एकदा पळवावी लागते.

"मान्य," वहिनी म्हणतात. "पण फिरणाऱ्या वस्तूत वजन मध्यापासून किती लांब आहे याचा वर्ग होतो. डिस्क आतल्या अंगाला, टायर बाहेरच्या काठाला. अंतर दुप्पट, म्हणून काठावरचा एक किलो चौपट भारी. आधी टायर हलके घ्या."

"टायर नंतर," ग्रॅमसाहेब म्हणतात. नंतरच्या गोष्टींचं त्यांच्याकडे वेगळं पान आहे.

एकदा वहिनींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पूर्ण हिशेबच मांडला. ब्रेक म्हणजे दुसरं काही नाही, वेगाची उष्णता करायचं यंत्र. गाडी धरा १४०० किलोची. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मर्यादा. त्या वेगात गाडीच्या अंगात पावणेआठशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. पूर्ण थांबायचं तर त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्क घेतात. प्रत्येकी नऊ किलो बीड धरलं तर एका थांब्यात त्या पासष्टेक अंशांनी तापतात. "आता बीड कमी करा," वहिनी म्हणाल्या, "तेवढीच उष्णता कमी लोखंडात कोंबली जाईल. डिस्क जास्त तापेल. घाटात लागोपाठ दहा वेळा ब्रेक मारलात, तर जड डिस्क तुमच्या बाजूने उभी राहते, हलकी नाही. तुम्ही ज्याला फालतू वजन म्हणता ते उष्णतेचं गोदाम आहे."

मग त्यांनी जालना रोडचा हिशेब केला. मोंढा नाक्यापासून आकाशवाणीपर्यंत गाडीला चाळीसच्या वर संधी कुठली? वेग एक तृतीयांश, म्हणून ऊर्जा एक नवमांश. डिस्क तापते सात अंशांनी. "मे महिन्यात क्रांती चौकात गाडी उन्हात लावून नुसता उसाचा रस प्यायलात, तरी ती याच्याहून जास्त तापते."

ग्रॅमसाहेबांनी कॅलेंडरचं ते पान फाडून फायलीला लावलं. विरोधी पक्षाचं म्हणणंही रेकॉर्डवर असावं, असं त्यांचं मत.

फाईल म्हणजे खरं तर एक एक्सेल शीट, आणि तिच्यात या जगातल्या डिस्कच्या सगळ्या जाती आहेत. पहिली ओळ मूळ डिस्कची. तिचं वजन ग्रॅमसाहेबांनी सुरुवातीला घरच्या काट्यावर केलं: डिस्क छातीशी धरून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचे ५३ किलो ८०० वजा करायचे. पण घरचा काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. शंभर ग्रॅम! म्हणून आम्ही दोघं डिस्क घेऊन भंगारवाल्याकडे गेलो. त्याने इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती ठेवली, ९ किलो २१० ग्रॅम आकडा आला, आणि त्याने बिडाचा भाव सांगितला.

"विकायची नाही. फक्त वजन करायचंय."

"तुला करायची असेल तर देवळात जा ना साहेब," भंगारवाला म्हणाला.

दुसरी ओळ भोकं पाडलेल्या डिस्कची. दिसायला फाकडू. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकू नये म्हणून ही भोकं आली. आताच्या पॅडना तो त्रास फारसा राहिलेला नाही. भोकं मात्र शोभेला आणि शे-दोनशे ग्रॅमच्या फायद्याला उरलीत. ट्रॅकवर सणकून वापरली की भोकांच्या कडेने तडे जायला सुरुवात होते. ग्रॅमसाहेबांनी अशी एक डिस्क नमुन्याला आणून उस्मानपुऱ्याजवळच्या त्यांच्या उस्तादांना दाखवली. उस्तादांचं गॅरेज लहान, ज्ञान मोठं, आणि भाषा खास आपल्या गावची. त्यांनी डिस्क उजेडात धरून आरपार पाहिलं. "इसमें बुंदी छाननी है क्या साब?" आणि परत दिली. ती ओळ शीटमध्ये लाल झाली.

तिसरी ओळ कार्बन-सिरॅमिकची. पोर्शने २००१च्या सुमाराला रस्त्यावरच्या गाडीला या डिस्क दिल्या, वजन बिडाच्या निम्म्यावर आलं. चार चाकांची किंमत मात्र अशी, की त्या पैशात कॉलनीतल्या कोणाच्याही दारी नवी कोरी लहान गाडी उभी राहील. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्क आणखी वेगळ्या. त्या काहीशे अंश तापल्याशिवाय धरतच नाहीत. "म्हणजे सेव्हन हिल्सच्या सिग्नलला थांबायचं असेल तर त्या आपण जालन्यापासून गरम करत आणायच्या," असं वहिनी म्हणाल्या. हीही ओळ लाल.

चौथ्या ओळीवर ग्रॅमसाहेब हळवे होतात. लोटसने १९९६ साली एलिझ काढली तेव्हा तिला ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या डिस्क दिल्या होत्या. बिडाची घनता सात-सव्वासात, ॲल्युमिनियमची दोन पूर्णांक सात. म्हणजे एकदम तिसऱ्या हिश्शावर. पण अख्खी एलिझ जेमतेम सव्वासातशे किलोची. इतक्या हलक्या गाडीला थांबवायला उष्णता मुळात कमी, म्हणून ते जमलं, आणि पुढे लोटसही बिडाकडे वळली. दुप्पट वजनाच्या ऑक्टाव्हियाला ते झेपणार नाही हे ग्रॅमसाहेबांना पक्कं ठाऊक आहे. तरी ती ओळ त्यांनी लाल केलेली नाही. नुसती पिवळी ठेवलीय.

या माणसाचा मला आवडणारा भाग इथे आहे. तो अडाणी हौशी नाही. त्याला सगळं कळतं. १९०२ साली इंग्लंडात लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा पॅड तांब्याचे होते आणि ब्रेक मारला की भयानक किंचाळायचे. १९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार डिस्क ब्रेक लावून उतरली आणि जिंकली, तेव्हा कुठे बाकीच्यांनी ड्रमवरचा जीव काढून घेतला. हे तो तुम्हाला उस्तादांच्या गॅरेजातल्या स्टुलावर बसून, चहा निवेपर्यंत सांगतो. हलकी डिस्क जालना रोडवर काही करणार नाही हेही त्याला कळतं. फक्त या कळण्याचा त्याच्या निर्णयाशी संबंध नसतो. आपल्याकडे मंगळ न मानणारे लोकसुद्धा पत्रिका एकदा पाहून घेतात, त्यातलंच हे.

पाचव्या ओळीने सगळं बदललं. दोन भागांची डिस्क. मधली टोपी, म्हणजे जिथे चाकाचे बोल्ट बसतात तो भाग, ॲल्युमिनियमची. बाहेरचं कडं, जिथे पॅड घासतात, ते बिडाचं. आणि दोन्ही जोडायला लहान लहान फिरत्या पिना. ग्रॅमसाहेब रात्री साडेदहाला वहिनींसमोर उभे राहिले.

"तापतं काय? कडं. टोपी नुसती बघ्याची भूमिका घेते. कड्याचं बीड तेवढंच ठेवायचं आणि वजन टोपीतून काढायचं. तुमचं गोदाम शाबूत, माझे ग्रॅम वसूल."

वहिनींनी बराच वेळ विचार केला. शिवाय कडं तापून फुगतं तेव्हा पिनांमुळे त्याला मोकळेपणी फुगता येतं, एकसंध डिस्कसारखं टोपीच्या ओढीने तिरकं व्हावं लागत नाही, हाही मुद्दा ग्रॅमसाहेबांनी टाकला. "बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. लग्नाला बावीस वर्षं झालीत. ग्रॅमसाहेबांनी त्या वाक्याची तारीख शीटमध्ये नोंदवून ठेवलीय.

पण विकत घ्यायची तर परदेशातून, आणि परचेसच्या माणसाला पहिला भाव देणं म्हणजे हार. त्यांनी चिकलठाण्यातल्या एका मित्राला गाठलं. मित्राकडे दोन सीएनसी मशीन, त्यातलं एक रविवारी मोकळं. टोपी इथेच करून घेऊ, कडं बाहेरून मागवू. ड्रॉइंग झालं, ॲल्युमिनियमचा गोळा आला, पहिला नग निघाला, तपासणीचा रिपोर्टही निघाला: सगळी मापं दोन शतांशांच्या आत. मित्र खूश. ग्रॅमसाहेब तर ती टोपी रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले.

"यावर जोर किती येतो, थकवा किती झेलते, याची चाचणी कोणी केली?" वहिनी.

"मापं बरोबर आहेत."

"मापं बरोबर असलेली वस्तू मोडत नाही, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

वहिनी त्या टोपीच्या गाडीत बसणार नव्हत्या. उस्तादही ती बसवून देणार नव्हते. "मेरेकू हात लगाने बोले तो नक्को साब. ब्रेक का काम है, मजाक नै." त्या दिवशी ग्रॅमसाहेब पहिल्यांदा कोणाशी वाद न घालता उठले. टोपी आता देवघरात आहे. ग्रॅमसाहेबांच्या आई तिच्यात धूप घालतात. भोकांतून धूर छान निघतो, आणि मापं दोन शतांशांच्या आत असल्याने ती हलत नाही.

शेवटी बाहेरून मागवल्या. किंमत, वाहतूक, कस्टम ड्यूटी, सगळं मिळून जो आकडा झाला तो त्यांनी घरी वेगळ्या रीतीने सांगितला. "वाचलेल्या वजनाच्या हिशेबाने ग्रॅमला पंचेचाळीस रुपये पडले. केशर याहून महाग असतं." वहिनी उत्तरपत्रिका तपासत होत्या. डिस्कमागे १ किलो ४७० ग्रॅम, दोन डिस्क, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. "म्हणजे १ लाख ३२ हजार ३००," त्या मान वर न करता म्हणाल्या. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दर सांगून रक्कम लपत नाही.

वजनाचा हा आकडा पार्सल आल्यावरचा. कॅटलॉगात वजन लिहिलं होतं ७ किलो ६५०. भंगारवाल्याच्या काट्यावर भरलं ७ किलो ७४०. दोन्हींचं मिळून १८० ग्रॅम जास्त. ग्रॅमसाहेबांनी विक्रेत्याला रीतसर पत्र पाठवलं, फोटो जोडले, काट्याचा तपासणी दाखला जोडला, आणि डेबिट नोट काढण्याची तयारी दाखवली. समोरून उत्तरात एक हसरा चेहरा आला. हसऱ्या चेहऱ्याचं काय करायचं हे कुठल्याच परचेस मॅन्युअलमध्ये नाही. त्यातच दुसरं प्रकरण निघालं: डिस्कच्या आत हवा खेळायला ज्या तिरप्या फटी असतात त्यांना दिशा असते, म्हणून डावीची डिस्क वेगळी, उजवीची वेगळी. पार्सलमध्ये दोन्ही डाव्या. उस्ताद म्हणाले, लगा देते, रुकेगी तो बी. पण ग्रॅमसाहेबांना उजव्या चाकातली हवा उलटी फिरतेय या कल्पनेने झोप लागेना. बदलून येईपर्यंत पावसाळा गेला.

बसवल्या एकदाच्या. आता पॅड डिस्कला 'बसायला' हवे. त्यासाठी ऐंशीच्या वेगावरून पंधरापर्यंत ब्रेक मारायचा, थांबायचं नाही, पुन्हा ऐंशी, पुन्हा पंधरा, असं पुन:पुन्हा. म्हणजे पॅडचा एकसारखा थर डिस्कवर चढतो. हे करायला रिकामा रस्ता हवा, आणि रविवारी सकाळी शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीइतके रुंद, गुळगुळीत आणि रिकामे रस्ते मराठवाड्यात दुसरीकडे नाहीत. मी शेजारी बसलो होतो. गाडी सुसाट जायची, मी मागे आदळायचो. ब्रेक लागायचा, मी पुढे लोंबकळायचो. ग्रॅमसाहेबांचा चेहरा मात्र काकड आरतीला उभ्या माणसासारखा. पॅड जळाल्याचा वास आला तेव्हा त्यांनी तो डोळे अर्धवट मिटून आत घेतला.

कोपऱ्यावर एका कंपनीचा वॉचमन सायकल धरून हे सगळं बघत होता. शेवटी न राहवून त्याने हात केला. आम्ही थांबलो.

"गाडी शिकायलाव का साहेब?"

ग्रॅमसाहेबांना उत्तर सुचेना.

"कामून एवढा घाबरून ब्रेक दाबायलाव? रस्ता तर मोकळाय. क्लच हळू सोडा, येतंय हळूहळू." ग्रॅमसाहेबांच्या ऑक्टाव्हियाला क्लचचं पेडलच नाही. पण माणूस मनापासून सांगत होता, म्हणून ग्रॅमसाहेबांनी त्याचे आभार मानले.

फरक पडला का? मी विचारलं. पुढच्या रविवारी आम्ही त्यासाठी मुद्दाम कन्नडच्या घाटात गेलो. 'अवजड वाहनांना बंदी' या पाटीजवळ ग्रॅमसाहेबांनी गाडीचा वेग कमी करून आदराने पाहिलं. घाट उतरलो, वर आलो. गाडी छान थांबत होती, पण ती आधीही छान थांबायची. ग्रॅमसाहेब म्हणाले, स्टेअरिंग हलकं लागतंय, खड्ड्यावरून चाक चटकन खाली येतंय, तुम्हाला जाणवतंय ना? मला जाणवत होती ती एक बारीक खुळखुळ. फिरत्या पिनांच्या डिस्क थंड असल्या की थोड्या वाजतात. त्यात दोष नाही, त्यांची ती रीतच आहे. आता संध्याकाळी गाडी कॉलनीच्या कमानीतून आत आली की वहिनी आवाजावरून कुकर लावतात.

परवा ते आईंना घेऊन एअरपोर्टला निघाले होते. बॅग ठेवायला मी डिकी उघडली, तर आत कोपऱ्यात गोणपाटात बांधलेलं, वर तेलकट कागद, त्याच्यावर दोरी, असं एक जडशीळ बोचकं. बॅग काही बसेना. हलवून पाहिलं तर हलेना. जुन्या दोन्ही डिस्क. ९ किलो २१० गुणिले दोन.

"या इथे कशाला?"

"सेफ्टी स्टॉक," ग्रॅमसाहेब म्हणाले. परचेसमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "इंपोर्टेड पार्ट आहे. उद्या लांबच्या प्रवासात काही झालं तर? रिप्लेसमेंट यायला सहा आठवडे. मूळ पार्ट जवळ असलेला बरा."

"अहो, तीन किलो वाचवायला सव्वा लाख घातलेत आणि साडेअठरा किलो डिकीत घेऊन फिरताय?"

ते माझ्याकडे करुणेने पाहू लागले. "पण हे स्प्रिंगच्या वरचं वजन आहे."

मी व्हरांड्यात बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हातात लाल पेन. त्यांनी ऐकलं होतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. ग्रॅमसाहेबांनी खिशातून फोन काढून तारीख टाकायला घेतली. तेवढ्यात वहिनी पुढे म्हणाल्या, "पण एकूण वजनात धरायचं राहिलंय. अर्धा मार्क."